मिरचीच्या पोत्यांवरची नावं

"शेख म्याडम, तुमी नेमकं करता काय?"

हा प्रश्न मला नोकरीभर विचारला गेला. सरपंचांनी विचारला, बसच्या कंडक्टरनं विचारला, एकदा तर माझ्या सख्ख्या नणंदेनं भर लग्नात विचारला. मी केंद्रप्रमुख होते. म्हणजे जवळपासच्या दहाबारा जिल्हा परिषद शाळांचा एक गट असतो, त्याला केंद्र म्हणतात, आणि त्या शाळांमधून सतत फिरत राहणारं जे माणूस असतं ते मी. शिक्षकांना वाटतं ही साहेबांची, साहेबांना वाटतं ही शिक्षकांची, आणि गावाला वाटतं ही खिचडी चाखायला आली. तिघांचंही थोडं थोडं खरं असतं.

नागभीडला राहायचं, सकाळी स्कूटीवर निघायचं, धानाच्या बांध्यांमधून जाणाऱ्या रस्त्यांनी एकेक शाळा गाठायची, वर्गात मागं जाऊन बसायचं. मुलांना वाचायला लावायचं. यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच, बाकी सगळी कागदं. मुलापुढं एक पान ठेवतात. वर सुटी अक्षरं, खाली शब्द, मग वाक्यं, मग छोटा उतारा. मूल जिथं अडकलं तिथं त्याचा स्तर. कोण अक्षरावर, कोण शब्दावर, कोण उताऱ्यावर. या स्तरांचे आकडे वर जातात, त्यावरून शाळा चांगली की वाईट ते ठरतं, आणि मग आमची खरडपट्टी निघते.

मला मात्र आकड्यांपेक्षा मूल कुठं अडलं आणि काऊन अडलं, याचीच उत्सुकता असायची. स्वभावच चोंबडा. वडील रेल्वे फाटकाजवळ शिलाईचं दुकान चालवायचे. गिऱ्हाइकाचं माप घेताना त्याच्या घरची सगळी खबर काढून घ्यायचे. तो गुण माझ्यात उतरला. एका साहेबांनी तर मला बैठकीत सुनावलं होतं की तुम्ही शाळा तपासता की गावाच्या चुली तपासता? मी म्हटलं, सर, चूल पाहिल्याशिवाय शाळा कळत नाही. ते हसले नाहीत.

पण ते खरंच तसं आहे. धानोऱ्याकडं होते तेव्हा एक बाप माझ्यामागं हात जोडून फिरायचा, की माझ्या पोराला चौथीत नापास करा. मी म्हटलं, भाऊ, आता कोणाला नापास करत नाहीत. तर म्हणाला, "मंग हुशारीनं काहीतरी करा जी, पन त्याले इथीच ठेवा." गावातली शाळा चौथीपर्यंत होती. पाचवीसाठी नाल्यापलीकडं वसतिगृहात जावं लागायचं, आणि त्याचं ते एकुलतं एक पोर रात्री एकटं झोपायला भ्यायचं. पोर हुशार होतं, हीच बापाची अडचण. अशी माणसं भेटली की मला घरी गेल्यावर झोप यायची नाही.

आता ज्या गावाची हकीकत सांगायची आहे त्याचं नाव बदलते. आंबेटोली म्हणू. माणसांचीही नावं बदललेली आहेत. मोठं तळं, तळ्याच्या पाळीखाली, म्हणजे बांधाखाली, वस्ती. घरं बहुतेक ढीवरांची. तळ्यात मासोळी धरायची, थोडा धान पिकवायचा आणि उरलेले दिवस मजुरी. धान कापून झाला की जानेवारीत अख्खं गाव मिरचीला जातं. तेलंगणात मिरचीची मोठी शेतं आहेत, तिथं तोडणीला माणसं लागतात. गाव अजून त्याला आंध्रातच जाणं म्हणतं. टेम्पो येतो, बायाबापे, भांडीकुंडी, तांदळाचं गाठोडं आणि लेकरं घेऊन निघून जातो. येतात ते थेट उन्हाळ्याच्या तोंडावर. शाळेत तेव्हा बाकं असतात, मुलं नसतात.

सरकारनं त्यावर उपाय काढलेला आहे. आईबाप गेले तरी मुलं म्हाताऱ्या माणसांजवळ गावातच राहावीत, त्यांना दोन वेळचं जेवण शाळेत मिळावं. उपाय चांगला आहे. पण मूल ठेवून जायला आईचं मन व्हावं लागतं, आणि ती सोय कुठल्याच परिपत्रकात नसते.

आंबेटोलीला मेश्राम सर होते. तरुण, जरा घाबरट, पण मुलांमध्ये रमणारे. एका एप्रिलमध्ये त्यांच्या शाळेचे स्तर आले आणि कार्यालयात कुजबुज सुरू झाली. पायल नावाची चौथीतली मुलगी डिसेंबरमध्ये अक्षरावर होती, आणि आता उताऱ्यावर. मधले महिने ती शाळेतच नव्हती, मिरचीला गेली होती. म्हणजे शाळेत होती तेव्हा येत नव्हतं, आणि शाळेत नव्हती तेव्हा आलं. साहेबांनी मला बोलावलं. "तुमचे सर आकडे फुगवतात वाटतं. जाऊन या." चेहऱ्यावरून दिसत होतं की सरांना नोटीस जाणार.

मी गेले तेव्हा मेश्राम सर दारातच उभे होते. घाम पुसत म्हणाले, "म्याडम, खरं सांगतो, मी नाही शिकवलं तिला." माझ्या सगळ्या नोकरीत मुलगी वाचायला शिकल्याचं श्रेय नाकारणारा हा एकमेव शिक्षक.

पायलला बोलावलं. काळीसावळी, अंगानं बारीक, केसांना तेल चोपडलेलं. मी मुद्दाम नवीन पान नेलं होतं, तिनं कधी न पाहिलेलं. ती वाचू लागली. हळू, पण वाचत होती. आणि मधेमधे थांबून तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत होती. 'शक्ती' या शब्दाशी अडली. बोट ठेवलं, पुटपुटली, मग मोठ्यानं म्हणाली, "शक्ती." पुढं 'चंद्र' आला. पुन्हा तेच.

"काय म्हणून राह्यली गं मधात?" मी विचारलं.

लाजली. "काई नाई जी."

"सांग ना. मी रागावत नाई."

"हा मुक्ताबाईचा क्त होय," ती 'शक्ती'वर बोट ठेवून म्हणाली. मग 'चंद्र'वर. "आनी हा चंद्रकलाकाकूचा चं."

मी मेश्राम सरांकडं पाहिलं, सरांनी माझ्याकडं. मुक्ताबाई गावातलीच. चंद्रकलाही. दोघींना सही येत नव्हती, अंगठा उठवायच्या. त्यांचा 'क्त' आणि 'चं' या पोरीकडं कसा आला?

त्या दिवशी मी तिथून हललेच नाही. पायलला शाळेच्या ओट्यावर घेऊन बसले आणि वडिलांसारखं, माप घेता घेता विचारावं तसं एकेक विचारत गेले. मग ती खुलली.

मिरची तोडली की पोत्यात भरतात. संध्याकाळी पोती काट्यावर चढतात, ज्याच्या पोत्याचं वजन जास्त त्याची मजुरी जास्त. सगळी पोती एकसारखी पांढरी. आधी बाया पोत्याच्या तोंडाला चिंधी बांधायच्या, कोणी लाल, कोणी लुगड्याच्या काठाची. पण शेतावर दुसऱ्या गावांच्याही टोळ्या असायच्या, त्यांच्याही चिंध्या लालच. मग काट्यापाशी रोज भांडण. ठेकेदाराचा माणूस पोत्यावर मार्करनं नाव टाकून द्यायचा, पण तेलुगूत. बायांचा त्यावर विश्वास बसेना. कोणाचं नाव टाकलं ते काय माहीत!

पायल तेव्हा सावलीत तान्ही लेकरं सांभाळत बसायची. मुक्ताबाई टोळीतली मोठी बाई, आवाजही मोठा. तीच म्हणाली, "ही पोट्टी शाळेत जाते ना? लिव गं मायं नाव."

पायलला अक्षरं येत होती, जोडता येत नव्हती. तिनं लिहिलं 'मकत'. मुक्ताबाईला वाचता येत नव्हतं, पण काहीतरी कमी आहे हे तिला दिसलं. कारण तिच्याजवळ आधार कार्ड होतं. परगावी जाताना प्रत्येकीच्या पिशवीत ते असतंच. त्यावर मराठीत नाव छापलेलं. तिनं ते पोरीपुढं धरलं. "यावर तं जास्त हाय. असं लिव."

आणि तिथंच शाळा सुरू झाली. एकेकीचं कार्ड, एकेकीचं नाव. नाव कसं उच्चारायचं ते पायलला पाठच होतं, आता ते कागदावर कसं दिसतं ते समोर होतं. वनिता म्हणजे तिची आई, तिच्या नावातून पहिली वेलांटी आणि काना. मुक्ताबाईतून उकार आणि जोडाक्षर. चंद्रकलेतून टिंब आणि 'द्र'. नावं संपली तशी ती कार्डाच्या मागच्या पत्त्यावर गेली. गाव, तालुका, जिल्हा. रोज पोती लिहायची, रोज काट्यापाशी उभं राहून मोठ्यानं वाचून दाखवायची. आम्ही चार वर्षं भिंतीवर बाराखडीचे तक्ते लावत होतो. तक्त्यातलं एकही अक्षर तिच्या ओळखीचं नव्हतं, हे मला तोपर्यंत सुचलं नव्हतं.

मी साहेबांना सगळं लिहून कळवलं. त्यांनी अहवाल वाचून विचारलं, यात गंमत किती आणि खरं किती? मी म्हटलं, पोरीला समोर बसवते. ते आले, पोरीनं वाचून दाखवलं, आणि मेश्राम सरांची नोटीस टळली. साहेब जाताना म्हणाले, "हिला पुढं जपा." तेवढं वाक्य बोलायला त्यांना काहीच लागलं नाही. जपायचं होतं आम्हाला.

अडचण अशी होती की पोरगी वाचायला शिकली, आणि म्हणूनच आता टोळीला ती हवी होती. आधी ती आईच्या मागं जायची. आता टोळी तिच्यावाचून निघायला तयार नव्हती. पाचवीचं वर्ष सुरू झालं होतं. पाचवी झाली की पुढची शाळा नागभीडला, मुलींच्या वसतिगृहात. ज्या मुलीचं वर्ष मध्येच तुटतं, ती तिथं टिकत नाही. कशीबशी जाते, मागं पडते, दिवाळीला घरी येते ती परत जात नाही. अशा किती पोरी मला नंतर कडेवर मूल घेऊन बाजारात भेटल्या आहेत. म्हणून या जानेवारीत पायल गावात राहिली पाहिजे, एवढं मी आणि सरांनी मनाशी ठरवलं.

पावसाळ्यात पालकसभा घेतली. मी माझं नेहमीचं भाषण केलं. मुक्ताबाई पदर खोचून उभी राहिली.

"म्याडम, तुमचं समदं बरोबर हाय. पन पायल नाई आली तं काट्यावर वाचल कोन? तुमी येता का?"

सगळ्या हसल्या. मीही हसले. मग पायललाच विचारलं, तुले काय वाटते? मला वाटलं, म्हणेल की शाळेत राहतो. ती खाली पाहत म्हणाली, "मी जातो जी. तिथी समदे मलेच इचारतेत. इथी मले कोनी इचारत नाई."

मला त्या पोरीचं कौतुकही वाटलं आणि लाजही वाटली. शेतावर ती टोळीची वाचणारी होती, तिच्यासाठी चहा आधी यायचा. शाळेत ती मागच्या रांगेतली, सदा अर्धं वर्ष गैरहजर असलेली मुलगी होती.

उपाय मेश्राम सरांनी सुचवला. घाबरट माणसं कधीकधी फार पुढचा विचार करतात. म्हणाले, बायांना आपापलं नाव लिहायला-वाचायला शिकवू, म्हणजे पोरीची गरज उरणार नाही. आणि शिकवेल पायलच, म्हणजे इथंही तिला विचारणारं कोणी असेल. शिवाय पहिलीच्या मुलांना रोज थोडा वेळ वाचून दाखवायचं काम त्यांनी तिच्याकडं दिलं.

दिवाळीनंतर धानकापणी चालू होती. बाया शेतावरून आल्या की चुली पेटवायच्या आधी शाळेच्या ओट्यावर यायच्या. हातात पाटी, कमरेला विळा तसाच. मुक्ताबाईनं पहिल्याच दिवशी अट घातली, "बाकीची बाराखडी तुमच्याजवळच ठेवा. आमाले आमचं नाव पायजे, बस." आपलंच नाव. दुसरीचं नाव लिहायला कोणी तयार नाही, म्हणे तिचं तिनं पाहावं. मी ते मान्य केलं. मोठ्या माणसाला शिकवायचं असेल तर त्याला जे हवं तेच आधी द्यावं, हे मला तिथं कळलं.

आणि पायल! कुठून आणला होता तिनं तो रुबाब कोण जाणे. "काकू, तुमचा द पडून राह्यला." "मुक्ताबाई, घाई काऊन करता? कोनी पळवून नेत नाई तुमचं नाव." मुक्ताबाई, जिच्यापुढं ठेकेदार बोलायला कचरायचा, ती जीभ बाहेर काढून निमूट अक्षर गिरवायची. मी शुक्रवारी जायची तर पहिलीची पोरं दारातच सांगायची, "आज पायलताईनं गोष्ट वाचली." एकदा पायल स्वतःच म्हणाली, "म्याडम, मी नाई जात आता मिरचीले. पहिलीचे पोट्टे मायासाठी थांबतेत." मला वाटलं, जिंकलो.

सगळ्यांना नाव आलं. एक वनिता सोडून. पायलची आई.

वनिता शांत बाई. रोज यायची, सगळ्यांच्या मागं बसायची. पायल तिच्याकडं सगळ्यात जास्त वेळ द्यायची, मागून हात धरून गिरवून घ्यायची. हात सोडला की अक्षर मोडायचं. पोरगी चिडायची, मग रडकुंडीला यायची, पुन्हा हात धरायची. "मले नाई जमत, बाई," एवढंच वनिता म्हणायची. आणि जमत नाही तोवर पायलनं सोबत जायचं हे घरात ठरलेलं होतं, कारण वनिताच्या पोत्यांना कोण पाहणार?

मला ते चमत्कारिक वाटत होतं. या बाईचे हात मी पाहिले होते. तुटलेलं जाळं विणायला बसली की बोटं कशी चालायची! त्या हातांना तीन अक्षरं का जमू नयेत?

डिसेंबरच्या एका दुपारी शाळेतून निघाले आणि पायलच्या घराकडं वळले. वनिता अंगण सारवत होती, माझ्याकडं पाठ होती. ओल्या सारवणात तिनं बोटानं काहीतरी काढलं होतं. मला वाटलं रांगोळी. जवळ गेले तर अक्षरं. वरती 'वनिता', खाली 'पायल', दोन्ही चांगली ठसठशीत, एकही काना-वेलांटी चुकलेली नाही. माझी चाहूल लागली तशी तिनं हात फिरवून पुसून टाकलं.

"वनिता," मी म्हटलं, "तुले येते लिहता."

ती सारवत राहिली.

"कवापासून येते?"

"शिकवलं तवाच आलं." तिनं हात थांबवला. "पायलले नका सांगू जी."

"काऊन लपवून राह्यली बाई? पोट्टी तुयासाठी रडते."

मग ती बोलली. तिला इतकं बोलताना मी पुन्हा कधी ऐकलं नाही. "हे लहान होती तवा एक डाव तिले बुढीजवळ ठेवून गेली होती मी. चालाले शिकली होती नुकतीच. वापस आलो तं मले पाहून बुढीच्या मांगं लपली. बुढीले माय म्हने. मी हात पुढं केला तं रडे. किती दिवस मायाजवळ आली नाई. तवापासून ठरवलं, उपाशी राहू, पन हिले टाकून जाईन नाई." डोळे पुसायला हात उचलला, तो शेणानं भरलेला होता म्हणून दंडानंच पुसले. "मले नाव येते हे कळलं तं मंग मी कोन्या तोंडानं म्हनू का चल मायासंग?"

मी चाळीसेक शाळांच्या पालकसभा गाजवलेली बाई. शिक्षणाचं महत्त्व झोपेत सांगू शकेन. त्या अंगणात मी नुसती लाकडी पाटावर बसले, तिनं दिलेलं पाणी प्याले, आणि कोणाला सांगणार नाही एवढं म्हणून निघाले. मेश्राम सरांनाही सांगितलं नाही. परत येताना मला वनिताचा राग आला नाही, आणि पायल जाणार या विचारानं फार वाईटही वाटलं. दोन्ही एकाच वेळी.

टेम्पो आला त्या सकाळी मी आंबेटोलीत होते. घरी सांगितलं, शाळाभेट आहे. थंडी मरणाची. तळ्याच्या पाळीवर टेम्पो उभा, धुळीनं माखलेला. तांदळाची गाठोडी चढत होती, पातेली, कोंबड्यांचं खुराडं, गोधड्या. बापे आधीच चढून बसले होते. पहिलीदुसरीची पोरं शाळेऐवजी तिथंच गोळा झाली होती. त्यातली काही जाणार होती, काही आजीजवळ राहणार होती. पायल गाठोडं मांडीवर घेऊन टेम्पोत मागच्या बाजूला बसली होती. शाळेकडं पाहत नव्हती. वनिता तिच्या शेजारी. खाली बुढी, पायलची आजी, उभी होती.

मेश्राम सर जवळ गेले. "पायल, लवकर ये बेटा. तू सगळ्यांना शिकवलंस, आता आम्ही तुझी वाट पाहू."

पायलनं मान हलवली. "नाई जी. मले शिकवताच येत नाई."

"असं काऊन म्हणते?"

"माया मायले कुठी आलं? समद्यायले आलं, मायलेच नाई आलं. मले शिकवता येत नाई म्हून नाई आलं." आणि ती रडायला लागली. मोठ्या मुली रडतात तसं, तोंड वाकडं न करता.

मी वनिताकडं पाहिलं. तिनं माझ्याकडं पाहिलं नाही. ती मुलीकडं पाहत होती. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. मुक्ताबाई वरून ओरडली, "चला बाप्पा, ऊन होऊन राह्यलं."

वनिता उठली. पदर सावरत टेम्पोतून खाली उतरली. लोकांना वाटलं काही राहिलं असेल घरात. तिनं टेम्पोचा मागचा फाळका लावला, त्याच्यावरच्या धुळीवर बोट टेकवलं आणि लिहिलं. व. मग वेलांटी काढून नि. मग ता. हात जरासुद्धा हलला नाही.

पायल फाळक्यावरून वाकून उलट्या बाजूनं ते नाव वाचत होती. आधी तिला आनंद झाला असावा, कारण तिनं पटकन माझ्याकडं पाहिलं. मग तिला कळलं की आईला हे आधीपासून येत होतं. आणि मग बाकीचं.

"पाह्य," वनिता म्हणाली. "शिकवलं ना तूनं मले. आता उतर."

पायल हलेना. वनितानं हात वर करून तिच्या मांडीवरचं गाठोडं काढून घेतलं आणि बुढीच्या हातात दिलं. मग मुलीला काखांत हात घालून लहान लेकराला उतरवतात तसं खाली उतरवलं, जरा वेळ धरून ठेवलं, आणि मागं न पाहता बाजूनं वर चढली.

टेम्पो पाळीवरून निघाला. आम्ही मागं उभे होतो. फाळक्यावरचं नाव दूर जात होतं आणि पहिलीची पोरं एकेक अक्षर जोडत ते मोठ्यानं वाचत होती.